कोपरा मोकळा केल्यावर

माझ्या आयुष्यात एकच सरकारी अर्ज महिनाभराच्या आत मंजूर झाला. तो मंजूर झाला नसता तर बरं झालं असतं.

अमरावतीत आमचं घर गल्लीच्या तोंडापासून चौथं. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे समोरूनही एक गल्ली येते, म्हणून त्याला चौक म्हणायचं. सिग्नल नाही, पोलीस नाही, पाटी नाही. दोन हमरस्त्यांना जोडणारा हा मधला रस्ता असल्यामुळे वेळ वाचवायला निघालेले सगळे इथूनच जातात. आमच्या बाजूच्या कोपऱ्यावर पूर्वी पत्र्याचं छप्पर टाकलेली एक रसवंती होती, तिला खेटून सायकल-पंक्चरचं दुकान, आणि त्या दोघांवर वाकलेला एक कडुनिंब. उन्हाळ्यात त्याच सावलीत कॉलनीची पाणपोई लागायची.

माझी नोकरी अकोल्याची. पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात धरणांच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो. सकाळी सातला मोटारसायकलने बडनेरा स्टेशन, तिथून गाडी, संध्याकाळी तसंच परत. अप-डाऊनची ही अकरा वर्षं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची शाळा नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याने सतरा किलोमीटर जाऊन आत वळल्यावर एका लहान गावात. ती स्कूटीने जायची. पावणेदहाला शाळेच्या फाटकात म्हणजे पावणेदहालाच. या बाबतीत ती माझ्यापेक्षा काटेकोर.

तिचीच तक्रार होती की कोपऱ्यावरून बाहेर पडताना काही दिसत नाही. मी एका रविवारी टेप घेऊन गेलो. गल्लीच्या तोंडाशी थांबलं की उजवीकडचा रस्ता फक्त नऊ मीटर दिसत होता. नऊ मीटर म्हणजे काहीच नाही. मी अर्ज लिहिला, मोजमापाचा नकाशा जोडला आणि विषय लिहिला: ‘कोपऱ्यावरील दृष्टीस अडथळा दूर करणेबाबत’. माझा हिशोब सोपा होता. माणसाला दिसलं की माणूस थांबतो.

योगायोगाने त्याच वेळी रस्त्याचं सिमेंटीकरण निघालं होतं. महिन्याभरात रसवंती उठली, पंक्चरवाला उठला, निंबाच्या खालच्या फांद्या गेल्या आणि पुढच्या पंधरवड्यात निंबही गेला. गुळगुळीत पांढरा रस्ता झाला. मी पुन्हा टेप लावली तर साठ मीटर. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी अर्जाची प्रत टाकली. अंगठेच अंगठे आले. शेजारच्या निवृत्त काकाजींनी लिहिलं, ‘असा नागरिक पाहिजे.’ मला ते आवडलं होतं, हे कबूल करतो.

दोनेक महिन्यांनी बायको म्हणाली, “आता जास्त जोरात येऊन राहिले लोकं.”

“तुला तसं वाटतं,” मी म्हणालो.

“मले वाटत नाही, मी रोज पायते.”

मी मोजायचं ठरवलं. तीन रविवार सकाळी आठ ते नऊ गेटात खुर्ची टाकून बसलो. प्रत्येक गाडीसाठी एक रेघ. वेग कमी करणारे एका रकान्यात, न करणारे दुसऱ्यात. निम्म्याच्या वर गाड्या हळू होत होत्या. मी तक्ता तिच्यापुढे ठेवला.

तिने तो नीट पाहिला. मग म्हणाली, “रविवारी लोकं मटणाच्या दुकानात जातात. मंगळवारी ड्युटीवर जातात. तुमी मटणवाले मोजले.”

मी हसलो आणि तक्ता फाईलला लावला. मी मंगळवारी अकोल्यात असतो, मंगळवार मी मोजणार कसा, असंही काहीतरी म्हणालो. तिने पुढे वाद घातला नाही. त्यानंतर पाच आठवड्यांनी, एका मंगळवारीच, मला कार्यालयात फोन आला.

कोपऱ्यावर बायकोला एका गाडीची धडक बसली होती. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, गुडघा सोलला होता. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा धडक देणारा माणूस बाकावर बसून होता. तो पळाला नव्हता. त्यानेच तिला रिक्षात घालून आणलं होतं. माझ्याच वयाचा, शर्ट खोचलेला, हातात भाजीची पिशवी आणि तिच्यातून कोथिंबीर बाहेर आलेली. त्याला झापायचं म्हणून मी गाडीत सव्वा तास वाक्यं तयार करत आलो होतो.

तो उठून उभा राहिला. “सर, माही चूक झाली. पण खरं सांगतो, मी मॅडमले दुरूनच पाह्यलं होतं.”

“पाहिलं होतं?”

“होय नं. पूर्ण दिसत होत्या. मले वाटलं, आपण दिसून राहिलो त्याइले, तं थांबतीन त्या.”

आतून बायकोचा आवाज आला, “मलेही तसंच वाटलं. हे दिसून राहिले मले, तं थांबतीन हे.”

माझी तयार वाक्यं तशीच राहिली. साठ मीटरवरून दोघांनी एकमेकांना व्यवस्थित पाहिलं होतं, आणि पाहिलं म्हणूनच कोणी ब्रेक लावला नव्हता.

सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर ती पहिल्यांदा स्कूटी घेऊन निघाली तो दिवस शनिवार होता. आम्हाला पाच दिवसांचा आठवडा, म्हणून मी घरी होतो. गल्लीच्या तोंडाशी जाऊन ती थांबली. थांबूनच राहिली. मग खाली उतरली आणि गाडी ढकलत रस्ता ओलांडायला लागली. मध्यावर आल्यावर एका पोराने हॉर्न दाबत बाजूने गाडी काढली आणि ओरडला, “काकू, पेट्रोल संपलं का?”

ती पलीकडे गेली नाही. तिथूनच वळली, गाडी ढकलत घरी आली, स्टँडवर लावली आणि चावी खिळ्याला टांगली. हात धुताना म्हणाली, “पाय टेकवले की उचलतच नाही.”

सोमवारपासून ती रिक्षाने नाक्यापर्यंत, नाक्यावरून काळी-पिवळी जीपने फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून दोन किलोमीटर पायी जायला लागली. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. कधी दहा, कधी सव्वादहा. दोनशिक्षकी शाळा, ती पोचेपर्यंत तिचे दोन वर्ग पायऱ्यांवर बसलेले. पंधरा दिवसांत मुख्याध्यापकांनी काही म्हटलं नाही, पण तिने स्वतःच उशिराची मिनिटं मला सांगितली: एकूण दोनशे दहा. मग एका संध्याकाळी तिने स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला.

“हे भरून द्या. आकडे तुमाले जमतात.”

तिच्या नोकरीची अजून तीन वर्षं बाकी होती. ती वर्षं तिला हवी होती. यंदाची पहिली आपण वाचायला लावून सोडणार, असं तिने जूनमध्येच जाहीर केलं होतं. मी फॉर्म भरला. जन्मतारीख, रुजू तारीख, एकूण सेवा, शिल्लक रजा. शेवटचा रकाना होता: निवृत्ती घेण्याचे कारण.

“कौटुंबिक अडचण लिहा,” ती म्हणाली. “सगळे तेच लिहितात.”

“कौटुंबिक अडचण नाही आपल्याकडे.”

“मंग काय लिहिता? चौक?”

मी पेन खाली ठेवलं. खोटं लिहायची मला सवय नाही, आणि खरं लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती. फॉर्म फ्रिजवरच्या फाईलमध्ये ठेवला. रोज जेवताना तो मला दिसायचा.

त्या दिवसांत अकोल्यात कार्यालयाजवळच्या एका चौकात मी चहाला जायचो. तोही बिनसिग्नलचाच. एका कोपऱ्यावर डाळमिलची भिंत, दुसऱ्यावर केळ्यांचे दोन ठेले, तिसऱ्यावर पोती वाळत घातलेली आणि चौथ्यावर बहुतेक वेळा एक गाय. कुठूनही काही दिसत नाही. माझ्या जुन्या हिशोबाने इथे रोज एक तरी माणूस पडायला हवा होता. मी चहावाल्याला विचारलं.

“इथं? इथं कोन पडते साहेब? इथं जोरात यालेच भेटत नाही.”

मी उभ्या उभ्या चाळीस गाड्या मोजल्या. सदतीस हळू झाल्या, काही तर पाय टेकवून पुढे सरकल्या. माना लांब करून, डावीकडे बघून, उजवीकडे बघून. तीच माणसं. यातली काही माझ्यासारखी अमरावतीहून अप-डाऊन करणारी. इथे गोगलगाय आणि आमच्या कोपऱ्यावर बाण.

त्याच संध्याकाळी बडनेऱ्याहून घरी येताना एक रुंद, मोकळा चौक मी ओलांडला आणि ओलांडून झाल्यावर काटा पाहिला. बावन्न. मी वेग कमी केला नव्हता. करायचा विचारही मनात आला नव्हता, कारण मला सगळं दिसत होतं. कोथिंबिरीच्या पिशवीवाल्या माणसाला मी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या त्या रात्री एकेक करून परत घ्याव्या लागल्या.

गतिरोधकासाठी महापालिकेत अर्ज केला. तिसऱ्या चकरेत तिथल्या बाबूने फाईल उघडली आणि एक कागद माझ्याकडे फिरवला.

“हा अर्ज तुमचाच नं भाऊ? सही तुमचीच?”

माझीच होती. नकाशासकट.

“पह्यले म्हणता अडथळा काढा. आता म्हणता अडथळा टाका. मी वर काय लिहून पाठवू?”

मी गणनेचा तक्ता पुढे केला. त्याने चष्मा वर केला. “हे तं रविवारचं आहे. रविवारचं चालत नाही. कामाच्या दिवसाचं आणा.”

जे बायकोने फुकट सांगितलं होतं ते ऐकायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो होतो. कामाच्या दिवशी मोजायला आणखी रजा टाकली. शंभर गाड्यांत तेवीस हळू झाल्या. तो कागदही दिला. “ठीक आहे, प्रक्रियेत आहे,” असं उत्तर मिळालं. अजूनही प्रक्रियेतच आहे.

मग मी रसवंतीवाल्याला शोधलं. तो वळणरस्त्यावर गेला होता. तिथे ट्रकवाले थांबतात. ऊस अजून आला नव्हता, तो चरकाला तेल देत होता. मी म्हणालो, परत कोपऱ्यावर या, मी लिहून देतो.

तो मोठ्याने हसला. “नकाशा तुमीच काढला होता म्हणे. आता त्याच नकाशात मले परत काढता का?”

त्याने स्टूल पुढे सरकवलं. “बसा. राग नाही तुमचा, इथं चार ग्राहक जास्तच आहेत. पण एक सांगू? मी धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पानी शिंपडत होतो. लोकं घसरीन म्हणून हळू होत. पोरं रस प्यायले मधातच गाड्या लावत, म्हणून हळू होत. माणूस दिसला म्हणून कोनी थांबत नाही साहेब. पुढे काय निघीन हे समजत नाही, तवा थांबते.”

तीन कार्यालयीन चकरांत जे कळलं नाही ते त्याने स्टुलावर बसवून सांगितलं. पण त्याला काही परत आणता येत नव्हतं, आणि निंब तर नव्हताच. कोपऱ्यावर कायदेशीर असं काय उभं करता येईल, याचा मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी पोळी लाटता लाटता बायकोच बोलली, “उन्हाळ्यात पाणपोई लागली की तिथं बरं असे.”

पाणपोई. तिला आमच्याकडे कोणी परवानगी विचारत नाही. पाणी पाजणाऱ्याला उठवायचं पाप कोणी अंगावर घेत नाही. फक्त एक अडचण होती. पाणपोई चैत्रात लागते, आणि तेव्हा मार्गशीर्ष चालू होता.

कुंभाराकडे दोन रांजण मागितले तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. “आता? थंडीत? तुमाले शेगडी पायजे असंन.” मी पाणपोईसाठी हवेत म्हणालो, तर त्याने घरात हाक मारून बायकोला मला बघायला बोलावलं.

शनिवार-रविवार लागून मी चार बांबू रोवले, तट्टे बांधले, वर हिरवी जाळी टाकली, रांजण वाळूवर बसवून त्यांना लाल कापड गुंडाळलं. रस्त्याच्या कडेपासून दोन फूट आत, मोजून. काकाजी स्वेटर-मफलर घालून पाहायला आले.

“का हो, पानी गरम करून ठेवसान का?”

“साधंच आहे.”

“मंग शेकोटी लावा ना बाप्पा. पुण्य तरी लागंन.”

ग्रुपवर फोटो पडला, ‘थंडा थंडा’ वगैरे शेरे पडले. मी रोज सकाळी साडेसहाला, कानटोपी घालून, दोन बादल्या नेऊन रांजण भरायचो आणि मग स्टेशन गाठायचो. पाणी कोणी फारसं पीत नव्हतं. मात्र थंडीत पाणपोई कशाला, हे बघायला जो तो हळू व्हायचा. चार दिवसांत एक बोरं विकणारी बाई टोपली घेऊन तट्ट्याच्या आडोशाला बसली. ती बसली म्हणून शाळेच्या पोरी थांबायला लागल्या. पोरी थांबल्या म्हणून गाड्या आणखी हळू. पुन्हा एक दिवस रजा टाकून मी शंभर मोजल्या. एकसष्ट.

बायकोने सहाव्या दिवशी खिळ्यावरची चावी काढली. मला सांगितलं नाही. अकोल्यात होतो, फोन आला: “पोचली. नऊ चव्वेचाळीस.” मी कार्यालयात उगीच उभा राहिलो आणि परत बसलो.

तीन आठवडे चाललं. फ्रिजवरच्या फाईलकडे मी बघायचं सोडलं.

मग एका गुरुवारी संध्याकाळी गल्लीत वळलो तर कोपरा रिकामा. बांबू नाही, जाळी नाही. रांजण मात्र कोणीतरी सांभाळून आमच्या गेटाशी आणून ठेवले होते, पाण्यासकट. काकाजी वाटच बघत होते. “माणसं आली, घेऊन गेली. कोणी तं अर्ज केला म्हणे.”

अर्ज कोपऱ्यावरच्या नवीन घरातल्या गृहस्थाने केला होता. त्याची मोटार बाहेर काढताना त्याला दिसत नव्हतं. मी त्याच्याकडे गेलो. त्याने नम्रपणे मोबाईलवर अर्ज दाखवला. विषय: ‘कोपऱ्यावरील दृष्टीस अडथळा दूर करणेबाबत’. खालचा मजकूरही ओळखीचा.

“तुमचाच नमुना वापरला,” तो म्हणाला. “ग्रुपवर होता. फार व्यवस्थित लिहिला होता तुमी.”

त्याच्याशी भांडण्यासारखं माझ्याकडे काय होतं? मी त्याला साठ मीटर, तेवीस, एकसष्ट सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “पण दिसायले तं पायजे ना.” वर्षभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

घरी बायकोने फाईल खाली काढून फॉर्म ताटाशेजारी ठेवला होता. “उद्या सुटी टाकते मी. शनिवारी सकाळची शाळा आहे, तोवर ठरवते. तुमी रकाना भरा.”

शुक्रवार गेला. मी रकाना भरला नाही. शनिवारी सकाळी सव्वासहाला ती साडीवर स्वेटर घालून निघाली, तेव्हा मी फॉर्म हातात घेऊन गेटात होतो. तिने चावी काढली. मी म्हणालो, मी गाडी ओलांडून देतो. ती म्हणाली, “सोमवारी कोन देते?”

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. दोन्ही पाय खाली. धुकं नव्हतं, सगळं लख्ख दिसत होतं. दुधाच्या गाड्या, पेपरवाले, शिकवणीला निघालेली पोरं, सगळे सरळ येऊन सरळ गेले. तिच्या मागे एक मोटारसायकलवाला येऊन हॉर्न वाजवायला लागला.

“मॅडम, निघा ना! किती वाट पायसान?”

तिने मान वळवली. “कोनी थांबेपर्यंत,” ती वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली. “तुले घाई असंन तं बाजूनं जा.”

तो बाजूने गेला. मी गेटातून मोजत होतो. अकरा गेल्या. बारावा एक लोडिंग ऑटो होता, कोबीने भरलेला. त्याने वेग कमी केला, हात बाहेर काढून तिला जा म्हटलं. तिचे पाय उचलले गेले.

त्या फॉर्मचा शेवटचा रकाना अजून कोरा आहे. गतिरोधक आलेला नाही. रांजण अंगणात पालथे आहेत. चैत्र लागला की बघू, कोण उठवतं ते. ती आता घरून दहा मिनिटं लवकर निघते, म्हणजे दहा मिनिटं त्या कोपऱ्यावर जातात. मला त्या दहा मिनिटांचा रोज राग येतो. अर्धा स्वतःचा असतो, म्हणून तो कुठे लिहून पाठवता येत नाही.

पावणेदहाच्या आसपास अकोल्यात तिचा फोन येतो. पूर्वी ती वेळ सांगायची. आता आकडा सांगते.

“पोचली. आज चौदा.”

म्हणजे चौदा गाड्या सरळ गेल्या, पंधरावा थांबला. कधी सात असतात, एकदा सव्वीस होते. एकदा मी विचारलं, रोज कशाला मोजतेस.

“तुमच्या तक्त्यात रविवारच जास्त आहेत नं,” ती म्हणाली. “हे कामाचे दिवस. लिहा.”

मी धरणांची वही बाजूला सारतो आणि लिहितो. मंगळवार, चौदा.